बिनधुराच्या इंजिनाचा धूर

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरची माणसं बहुधा दोन कामांसाठी जातात. एक शेगावला दर्शनाला, दुसरं मुलीसाठी स्थळ बघायला. मी तिकडे धूर बघायला गेलो होतो. तोही असला तर अडचण आणि नसला तर त्याहून मोठी अडचण, असला धूर. त्या प्रवासात माझ्या डोक्यावरचे निम्मे केस गेले. उरलेले निम्मे का राहिले, याचा खुलासा अजून कोणत्याच कचेरीकडून आलेला नाही.

आधी इंजिनाचं सांगतो. सांगलीत आमचा इंजिनांचा लहानसा कारखाना. मालकांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी अर्धं आयुष्य घालून एक डिझेल इंजिन बनवलं. चाळीस अश्वशक्तीचं, दोन फ्लायव्हीलचं आणि अंगाने गाभण म्हशीएवढं. त्याची खासियत अशी की ते धूर सोडत नसे. गिऱ्हाईक आलं की आप्पा आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतराचा सोगा चालू इंजिनाच्या नळीवर धरत, गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत धरून ठेवत आणि तेच धोतर नेसून संध्याकाळी लग्नाला जात. एका लग्नात तर नवरदेवापेक्षा आप्पांचंच धोतर पांढरं दिसत होतं, म्हणून वरपक्ष रुसला होता.

महाराष्ट्र नुकता झाला होता. नव्या घरात राहायला गेलेला माणूस पहिल्या महिन्यात दिसेल त्या कपाटाला कुलूप लावतो, तसं नवं राज्य दिसेल त्या वस्तूला परिपत्रक लावत होतं. एक आमच्या नळीला लागलं. मोठ्या इंजिनाचा नवा नमुना विकायचा तर धुराचं सर्टिफिकेट पाहिजे. चाचणी कारखान्याच्या अंगणात चालणार नाही, प्रत्यक्ष कामावरच्या इंजिनावर व्हायला हवी, आणि ती घेणार त्या जिल्ह्याचे निरीक्षक. आमचं कामावर असलेलं इंजिन एकच होतं, तेही वापरून बघायला दिलेलं. जळगाव जामोदच्या तुळशीराम पाटलांच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. बाकीची इंजिनं सांगलीच्या अंगणात ताडपत्री पांघरून रांगेने उभी. सर्टिफिकेटाशिवाय एकही व्यापारी त्यांना हात लावेना.

आप्पा मला म्हणाले, "हे बघ, कागद आणलास तर ताडपत्र्या निघतील. नाही आणलास तर त्याच ताडपत्र्या कारखान्यावर टाकून आपण घरी बसू. आणि तू परत येऊ नकोस, तिकडंच कापूस वेच."

शेगाव

मला उतरायचं होतं मलकापूरला. तिथून बुलढाण्याची बस. पण रेल्वेगाडीने भुसावळ सोडल्यावर शेजारचे एक वजनदार गृहस्थ माझ्या खांद्यावर मान टाकून असे काही झोपले की त्यांना उठवणं माझ्या जिवावर आलं. मलकापूर आलं, गेलं. नांदुरा आलं, गेलं. शेगावला ते आपणहून जागे झाले, माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुमी मलकापूरले उतरणार होते ना? काऊन उतरले नाई?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता दर्शनाला चालते झाले.

आलोच आहे तर दर्शन घेतलं. मागायचं एकच होतं, पण देवापुढे 'आमच्या इंजिनाचा धूर पास कर' असं म्हणायला जीभ रेटेना. शेजारच्या बाई नातू मागत होत्या, पुढचे आजोबा गुडघा मागत होते. मी नुसताच हात जोडून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, कागद बॅगेत आहेत, बघून घ्या.

बाहेर कचोरी खाल्ली. आम्ही सांगलीकडची माणसं स्वतःला तिखट खाणारी समजतो. हा समज शेगावात पहिल्या घासाला टिकतो. त्यानंतर दुकानदाराने "हे घ्या जराशी" म्हणून तळलेली मिरची पुढे केली आणि माझ्या दोन्ही कानांतून जी वाफ निघाली तिची कोणी चाचणी घेतली असती, तर मी सरळ नापास झालो असतो.

बुलढाणा

खामगावमार्गे बस निघाली. बोथ्याच्या घाटात सीताफळांची झाडं रस्त्याला इतकी लागून, आणि बस इतकी सावकाश, की कंडक्टर उतरला, टॉवेलभर सीताफळं तोडली, पुढच्या वळणावर चालत चालत पुन्हा चढला आणि मधल्या वेळात चढलेल्या एका म्हातारीचं तिकीटही फाडलं. घाट चढून वर आलं की हवा एकदम गार होते. खालच्या मुलखात घाम पुसणारा माणूस बुलढाण्यात उतरताच मफलर शोधतो. इंग्रजाने जिल्ह्याची कचेरी इथे का ठेवली ते कळलं. या हवेत माणसाला कुठलंच काम उरकण्याची घाई वाटत नाही.

ज्या कचेरीत मला जायचं होतं तिचं नाव सांगत नाही. ओळखीची खूण अशी की दारातच एक बाक होतं आणि त्या बाकावर बसून बसून लाकडात माणसाच्या बैठकीचे खळगे पडले होते. त्यातला मधला मला अगदी मापात बसला.

कारकुनाने फॉर्म दिला. वर छापलं होतं, 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. ते खोडून त्यावर 'मुंबई राज्य' असा शिक्का. तोही खोडून बाजूला शाईने 'महाराष्ट्र'. म्हणजे माझं इंजिन एका जागी उभं राहून तीन राज्यांत चालणार होतं. फॉर्म तीन प्रतींत भरायचा. इंजिनाचा फोटो समोरून एक, बाजूने एक. मी दोन्ही दिले.

"मागून?" कारकून म्हणाले.

"परिपत्रकात समोरून आणि बाजूने म्हटलंय."

"दोन बाजू असतात ना? तुम्ही एकच दिली."

"दोन्ही सारख्याच दिसतात."

"असं लिहून द्या. स्टँपावर."

दोन्ही बाजू सारख्या दिसतात, हे मी स्टँपपेपरवर शपथेने लिहून दिलं. मग नमुन्यादाखल माझ्या तीन सह्या घेतल्या. त्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत म्हणून आणखी तीन घेतल्या. माझी सही मुळात सरळ होती. ती बुलढाण्यापासून वाकडी येते.

निरीक्षक डबीरसाहेब मात्र सज्जन माणूस निघाले, आणि हाच सगळ्यांत मोठा घोटाळा होता. ते कोणाचा चहा पीत नसत. नियम त्यांना आईच्या ओवीसारखा तोंडपाठ होता. माझ्यापुढे त्यांनी कापडात गुंडाळलेला एक पुठ्ठा उलगडला. त्यावर करड्या रंगाचे चार चौकोन. पहिला फिकट राखेसारखा, चौथा तव्याच्या बुडासारखा.

"हा धुराचा तक्ता," साहेब म्हणाले. "हात लांब करून आभाळासमोर धरायचा. धूर ज्या चौकोनाशी जुळेल ती छटा. एक किंवा दोन आली तर पास. तीन-चार आली तर नापास. तीन वेळा बघायचं आणि एकदाही तीन-चार येता कामा नये."

"साहेब, आमचं इंजिन पहिल्याच्याही खाली आहे," मी छाती काढून म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला जळगावात कळला.

रोहिणखेड

साहेबांची जीप बघून मला पहिल्यांदा हसू आलं. धूर तपासणाऱ्या कचेरीची ती जीप सुरू झाली तेव्हा मागची सगळी कचेरी दिसेनाशी झाली. मी तक्त्याकडे आणि जीपकडे आळीपाळीने पाहू लागलो.

"ही सरकारी आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "परिपत्रक विक्रीच्या इंजिनांना आहे."

वाटेत रोहिणखेडला साहेबांचं एका पिठाच्या गिरणीचं काम होतं. तिथे जीपही तापली, म्हणून पाणी घालून तिला निवायला सोडलं आणि आम्ही जुन्या मशिदीच्या सावलीला बसलो. दगडातलं नक्षीकाम असं की कोणीतरी फुरसत नावाची वस्तू पोत्याने आणून तिथे रिकामी केली असावी. ना शिक्का, ना तीन प्रती, आणि इतक्या वर्षांत एक दगड हललेला नाही. तिथेच एक म्हातारेबुवा बकऱ्या घेऊन टेकले होते.

"कोठचे म्हणायचे तुमी?" त्यांनी विचारलं.

"सांगलीचा. हे साहेब बुलढाण्याचे."

"अन् कायच्यासाठी फिरून राह्यले?"

"धूर बघायला."

म्हातारेबुवांनी बिडी विझवली. "धूर पायाले सांगलीहून आले?" ते म्हणाले. "मंग आमच्या घरी चाला ना. सुनबाईनं ओल्या तुराट्या घातल्या चुलीत. सकाळपासून आमी सारे अंगणात बसून हाओ."

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "घरगुती ना? ते आमच्याकडे येत नाही."

जळगाव जामोद

नांदुरा मागे पडलं, पूर्णा ओलांडली, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत वर येऊ लागली. दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली. रस्त्याने कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, एकामागे एक. बंडीवर कापूस इतका उंच की वर बसलेला माणूस ढगावर स्वार झालेला. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या निळ्यावर, काळ्या धुराचा एक जाडजूड खांब.

"आग लागली वाटतं," साहेब म्हणाले.

मला तो धूर आधी ओळखू आला नाही. पण गावाशी आलो तशी दिशा ओळखू आली. तो खांब पाटलांच्या जिनातून निघत होता. आप्पांच्या बिनधुराच्या इंजिनातून. छटा चार म्हणणंसुद्धा कमीपणाचं होतं. त्यासाठी तक्ता खाली वाढवावा लागला असता.

"दुसरं जुनं जिन असेल कुठलं," मी म्हणालो आणि साहेबांना घाईघाईने विश्रामगृहावर पोचवलं. चाचणी उद्या सकाळी, असं ठरवून मी जिनाकडे धावलो.

तुळशीरामभाऊ पाटील दारातच बाजेवर बसले होते. मोठा माणूस, मोठ्या मिशा, आणि मिशांवर कापसाचा तंतू इतका की साठीचा माणूस नव्वदीचा दिसत होता.

"या पाहुणे," ते म्हणाले. "तुमचं इंजिन आता झकास चालून राह्यलं. आंधी बिमार होतं. करीमभाईनं दुरुस्त केलं."

करीमभाई मिस्तरी इंजिनघरातून हात पुसत आले. त्यांच्या चेहऱ्यावर बाळंतपण सुखरूप पार पाडल्याचा आनंद होता.

"साहब, आलं तवा एकदम थंडं होतं," ते म्हणाले. "धूरच नाई. मी म्हनलं, याच्यात जानच नाई. डिझेलच्या पंपाचा नट पार फिरवून टाकला. आता बघा, शेर झाला शेर."

"अहो, धूर नाही हीच तर त्याची करामत आहे," मी ओरडलो. "उद्या साहेब तक्ता घेऊन येतायत. हा धूर बघितला तर सर्टिफिकेट गेलं, इंजिन गेलं, कारखाना गेला."

करीमभाई पाटलांकडे बघू लागले. पाटलांनी मला हाताला धरून जिनाच्या गच्चीवर नेलं.

"ते पाहा," त्यांनी रस्ता दाखवला. "गाडीवाला सातपुड्याकून येते, पूर्णेकून येते. त्याले कसं समजावं कोणतं जिन चालू हाय? तो दुरून धूर पायते. धूर दिसला का बंडी इकडे वळवते. तुमचं इंजिन आलं तवा धूरच नोता. सारे म्हने, पाटलाचं जिन बंद पडलं. बंड्या समोरच्या जिनाकडे. माह्या सख्ख्या साडूची बंडी समोरच्याकडे गेली. मंग मी काय करू, सांगा मले."

मी गच्चीवर मटकन बसलो. आप्पांनी अर्धं आयुष्य घालून जो धूर नाहीसा केला, त्या धुराची इथे पाटी होती. आमचं इंजिन चांगलं असल्यामुळे गिऱ्हाइकाचं दुकान बसत होतं.

पुष्कळ हुज्जत झाली. माझा आवाज बसला, पाटलांच्या मिशांवरचा कापूस उडाला. शेवटी पाटील म्हणाले, "ठीक हाय. उद्याच्या दिवस धूर बंद. पण सर्टिफिकेट घेऊन जासाल, मंग माह्या बंड्या तुमी आनून द्यासाल का?"

मी 'हो' म्हणालो. त्या घडीला मी सातपुडा हलवायलाही 'हो' म्हटलं असतं.

"अन् साहेब आपल्या दारी येऊन राह्यले, तं रोडगे तं झालेच पायजे," पाटील म्हणाले.

"साहेब चहासुद्धा घेत नाहीत."

"चहा वेगळा. रोडग्याले कोनी नाई म्हनत नाई."

रोडगे म्हणजे काय ते आमच्याकडच्या वाचकांना सांगतो. जाडसर कणकेचे पदर घालून केलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, खरपूस भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वर घट्ट वरण आणि वांग्याची लालभडक भाजी. हे घरात होत नाही. उघड्यावर, गोवऱ्या रचून, गावाला बोलावून होतं. इकडे मोठं कार्य निघालं की आधी गोवऱ्यांचा ढीग पडतो आणि मग पाहुण्याचं नाव विचारतात. आमच्याकडे गोवऱ्यांना शेणी म्हणतात आणि त्यांच्यावर फार तर अंघोळीचं पाणी तापतं.

सकाळी साहेब आले. करीमभाईंनी पंपाचा नट पूर्ववत केला होता, अगदी गंभीर तोंडाने, जसा एखादा वैद्य नातेवाइकांच्या आग्रहाखातर बऱ्या माणसाचं औषध बंद करतो. साहेबांनी पंपाला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं. सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत सीलला हात लावायचा नाही. मग इंजिन सुरू झालं. सरकी काढणारे रेचे फिरू लागले, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. साहेब अंगणात उभे राहिले, एक डोळा मिटला, हात लांब केला आणि तक्ता आभाळासमोर धरला.

नळीच्या तोंडाशी आभाळ जसंच्या तसं निळं होतं. मला आप्पांची आठवण होऊन डोळ्यांत पाणी आलं.

"इंजिन सुरू करा," साहेब म्हणाले.

"सुरूच आहे साहेब."

साहेबांनी फ्लायव्हील बघितलं, नळी बघितली, तक्ता पुन्हा धरला. मग तक्ता खाली करून फॉर्म काढला आणि माझ्यापुढे धरला. फॉर्मवर छापलं होतं, 'धुराची छटा : १ / २ / ३ / ४. लागू नसेल ते खोडावे.'

"तुमच्या धुराला कुठलीच छटा नाही," साहेब म्हणाले. "मी चारही खोडले तर त्याचा अर्थ चाचणी झालीच नाही असा होतो."

"मग शून्य लिहा."

"शून्य छापलेलं नाही. हाताने घातलं तर ती खाडाखोड."

"अहो, पण साहेब, धूर नसावा म्हणूनच ना हे सगळं?"

"धूर नसावा असं परिपत्रकात कुठंही नाही. धूर एक किंवा दोन असावा असं आहे." साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. "मी मुंबईला खुलासा मागवतो. तोवर सील असंच राहील आणि इंजिन बंद ठेवायचं."

"खुलासा कधी येईल?"

"मागच्या खुलाशाला," साहेब म्हणाले, "अजून वेळ आहे."

हे ऐकून तुळशीरामभाऊंचा हात मिशीवर गेला. ऐन हंगामात जिन बंद म्हणजे बंड्या कायमच्या समोरच्याकडे. करीमभाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "साहब, सील तोडू द्या. एका झटक्यात धूर देतो."

"किती?"

"पुरा."

त्यांच्या हाताला दोनच मापं ठाऊक होती, काहीच नाही आणि पुरा. म्हणजे शून्यातून सुटका झाली तरी थेट चारमध्ये. मी डोकं धरून ओट्यावर बसलो. मला सांगलीचं अंगण दिसू लागलं, आणि त्यात ताडपत्र्यांची रांग वाढत वाढत कृष्णेच्या घाटापर्यंत गेलेली.

"तीन वेळा बघायचं असतं," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे आणखी दोनदा बघतो. मग लिहितो."

आणि तेव्हाच, पाहुण्याची भूक गृहीत धरून, इंजिनघराच्या मागे पाटलांच्या घरच्या बायकांनी गोवऱ्या पेटवल्या.

आधी वास आला. मग भिंतीमागून एक मऊ, फिकट, राखेच्या रंगाचा धूर उठला, सावकाश नळीपाशी आला, तिच्या तोंडाशी घोटाळला आणि असा वर गेला की ब्रह्मदेवालाही वाटावं, हा इंजिनाचाच. साहेबांनी तक्ता धरला. एक डोळा मिटला.

"एक," साहेब म्हणाले.

इंजिन धडधडत होतं. साहेबांनी नाक किंचित वर केलं.

"गोवऱ्यांसारखा वास येतोय."

"इकडलं डिझेल तसंच हाय साहेब," पाटील म्हणाले. "काळ्या मातीतून येते."

साहेबांनी फॉर्मवर 'एक' ठेवून बाकीचे तीन आकडे पेन्सिलीने खोडले. शाई तिसऱ्यांदा बघितल्यावर. पण गोवऱ्यांचं असं असतं की धूर पहिल्यांदाच, आर झाला की धूर सरतो आणि मग रोडगे ठेवायचे. आर होत चालला होता. धूर विरू लागला, निळं आभाळ पुन्हा डोकावू लागलं. साहेब चष्मा पुसत होते. मी पाटलांकडे बघितलं, पाटलांनी मागे बघितलं आणि आवाज दिला.

"अवं, रोडगे ठेवू नको आताच. ओल्या गोवऱ्या टाक दोन."

"ओल्या कायले? रोडगे कच्चे राह्यतीन ना," भिंतीमागून पाटलीणबाईंचा आवाज आला. "तुमाले काई समजते का?"

"टाक म्हनतो ना."

"टाकतो बाप्पा. कच्चे झाले तं मले बोलू नका मंग."

धूर पुन्हा उठला. साहेबांनी चष्मा लावला, तक्ता धरला, आणि या खेपेला बराच वेळ धरून ठेवला. माझी खात्री आहे, त्या वेळात त्यांनी धुराकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघितलं. मग पेन उघडलं आणि पेन्सिलीवर शाई फिरवली.

सर्टिफिकेट मिळालं. तीन प्रती, तीन सह्या. माझी तिन्ही वेळा वाकडी.

ड्यूटी संपल्याचं साहेबांनी घड्याळात बघून जाहीर केलं आणि पंगतीला बसले. रोडगे एका बाजूने कच्चे होते. साहेबांनी तेही तुपात बुडवून, डोळे मिटून, एकामागून एक असे खाल्ले की करीमभाईंनी मोजायचं सोडून दिलं. मी ठेचा मागून घेतला आणि रडलो. सगळ्यांना वाटलं ठेच्यामुळे.

सांगली

मी परत आलो तेव्हा आप्पांनी मला मिठी मारली. कागद देवापुढे ठेवला, मग चष्मा लावून वाचायला घेतला. शेवटच्या ओळीवर त्यांची भुवई वर गेली. डबीरसाहेब सज्जन होते, हे मी विसरलो होतो. त्यांना खोटं लिहिता येत नव्हतं. 'चाचणीच्या वेळची परिस्थिती' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिनघराच्या मागील बाजूस गोवऱ्यांवर रोडगे भाजण्याचे काम चालू होते.'

"असू दे की," मी म्हणालो. "रकाना भरायचा असतो."

पण खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, की या नमुन्याचं प्रत्येक इंजिन कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी स्थानिक निरीक्षकांनी याच परिस्थितीत तपासावं, आणि छटा नमुन्याबरहुकूम यावी.

आमचे इकडचे निरीक्षकही सज्जनच निघाले. पहिल्या दिवशी आम्ही स्टोव्हवर पोळ्या भाजायला एक बाई बसवली. त्यांनी कागद वाचला, मान हलवली आणि जीपमध्ये बसून निघून गेले. मग मी तुळशीरामभाऊंना पत्र टाकलं. त्यांनी रोडग्यांची कृती कळवली आणि खाली लिहिलं, 'आमी आता रोज सकाळी जिनामांगं गोवऱ्या पेटवतो. बंड्या येऊन राह्यल्या. साडूही आला. इंजिनाले सील तसंच हाय. करीमभाई नाराज हाय.'

आज आमच्या कारखान्यात या, तुम्हाला दिसेल. ताडपत्र्या निघाल्या आहेत. एकेक इंजिन ओट्यावर चढतं, नळी आभाळासारखी स्वच्छ, आणि ओट्यामागे शेणी रचलेल्या. सारा कारखाना दुपारी रोडगे जेवतो, आणि शेजारच्या फौंड्रीतली माणसंही जेवायच्या वेळेला काहीतरी काम काढून येतात. निरीक्षक अंगणात तक्ता धरून, एक डोळा मिटून उभे असतात. आणि भिंतीमागे, साहेबांना दिसू नये म्हणून उकिडवे बसून, ओल्या शेणीवर फुंकर घालत असतात आप्पा. त्यांच्या धोतराची छटा मी परवा तक्त्याला लावून बघितली. तीन आली.